बादलीभर पाणी

बेटाकडं निघालेल्या शिडाच्या होडीत आमची दोन्ही लेकरं तासाभरातच कंटाळली. "मोबाईल द्या, मोबाईल द्या" करून त्यांनी माझं डोकं उठवलं. शेवटी नावाड्यानंच त्यांच्यापुढं खेळायला एक भरलेली बादली अन् प्लॅस्टिकचा मग ठेवला. मी जरा आडवा झालो. डोळे उघडून बघतो तर धाकटी शिवांगी मग भरभरून ओतायलीय अन् बादली निम्मी रिकामी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या पाठीत धपाटा घालून मी ओरडलो, "पाणी सांडायलीस? लातुरात आपल्याकडं नळ आठ दिवसाला येतो, ध्यानात हाय का न्हाई?"



रडत रडत ती म्हणाली, "पप्पा, समुद्राचं पाणी समुद्रातच ओतायलेय की."