गालावरचा डाग

डोळ्याला दिसत नाही ते लेन्सला दिसतं, अशी माझी श्रद्धा आहे. म्हणून डोंगरांना एक, पक्ष्यांना एक आणि माणसांना एक, अशा तीन लेन्स मी एकाच कॅमेऱ्यावर दिवसभर बदलत असतो.

काल बायकोच्या फोटोत तिच्या गालावर काळपट डाग दिसला. आरशात मात्र काहीच नव्हतं.

"म्हणजे आतून असणार," मी म्हणालो आणि लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

"अहो, माझं काही बरंवाईट झालं तर निदान हा फोटो लावू नका," ती रडवेली होऊन म्हणाली.

त्वचेच्या डॉक्टरांनी गाल नीट तपासला. मग कॅमेऱ्यातले आधीचे फोटो पाहिले.



"डाग आभाळालाही आहे, फोटोत याच जागी," ते म्हणाले. "लेन्स बदलताना कॅमेऱ्यात धूळ गेलीय."