दट्ट्या हलला पाहिजे

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” पडद्यापलीकडून एका आजोबांचा खणखणीत आवाज आला, “पण माझ्या बायकोचं हृदय असं धावत होतं, की खाट चालायला लागली. चाकांखाली विटा लावाव्या लागल्या!”

पडद्याच्या अलीकडे, तातडीच्या विभागातल्या खाटेवर बेकरीवाली टेकून बसली होती. छातीला तारा चिकटवलेल्या, मानेची शीर थडथड उडत होती. मॉनिटरवरचा आकडा एकशे नव्वदच्या खाली यायला तयार नव्हता.

तिला ठोके उतरवायचं इंजेक्शन नको होतं. मागच्या खेपेला ते टोचल्यावर छातीत सगळं थांबल्यासारखं झालं होतं. आपण गेलोच, असं तिला वाटलं होतं.

“आणखी एकदाच ह्या रिकाम्या सिरिंजमध्ये फुंकून बघू, त्यानेही ठोके उतरतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नाही उतरलं तर मात्र टोचणार. मघाशी तुम्ही पीठ उडवल्यासारखं फुंकलंत, नुसते गाल फुगले. जोर पोटातून हवा. सिरिंजचा दट्ट्या हलला पाहिजे, आणि मी पंधरा मोजेपर्यंत सोडायचं नाही. मग लगेच तुम्हाला आडवं करून पाय वर उचलू.”

“दम... पुरत नाही हो.”

“न पुरायला काय झालं?” पलीकडून आवाज आला. “आमची ही काडीपैलवान. पण फुंकली अशी, की दट्ट्या सुटला तो थेट भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळ बंद!”

“आजोबा, घड्याळ चालू आहे,” नर्स म्हणाली.

“मग नवीन आणलं असणार.”

“बोलू दे गं त्यांना,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

बेकरीवालीला हसू फुटलं, पण धापेत विरलं. तिने मनगटाने ओठ पुसले.

“द्या इकडे. काडीला जमलं, मी तर रोज मणभर मैदा तिंबते.”

तिने सिरिंज तोंडात धरली आणि फुंकली. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. दट्ट्या सरकला.

“सोडू नका!” आजोबा ओरडले. “आमची ही दहालाच सोडणार होती, मीच दटावलं!”

“...चौदा, पंधरा!”

खाटेची पाठ धाडकन खाली गेली. नर्सने दोन्ही पाय उचलून धरले. मॉनिटर टिकटिकत राहिला. मग अडखळला. मग एक टिक. थांबून दुसरी. ब्याऐंशी.

“उतरलं!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेकरीवालीने पोटभर श्वास घेतला. “आजोबा, आजींना सांगा हं. त्यांच्यामुळे धीर आला.”

“सांगतो की. वाघीण आहे वाघीण!”

तेवढ्यात थर्मास घेऊन दारातून आलेल्या आजींनी आजोबांच्या खाटेचा पडदा फर्रकन बाजूला ओढला.

“अहो, किती ते खोटं! मला जन्मात साधी सर्दी झाली नाही. डॉक्टरीणबाई, तुम्हीच सांगा, सकाळी ह्या खाटेवरून कोण बोंबलत होतं, ‘काय टोचायचं ते टोचा, पण पाय उचलू नका, मला गुदगुल्या होतात’?”