सगळ्यात वाईट खानावळ

"सगळ्यात वाईट व्हय? तुमच्या थोरल्या आज्जीची!" आनसाबाईंनी नातवंडांचा वाद एका फटक्यात मिटवला. "पांढरा रस्सा करपट. भरल्या पंगतीत मीच तोंडावर सांगितलं. महिन्याभरात कुलूप लागलं खानावळीला."

"आणि चांगली ही!" नातू म्हणाला. कोल्हापुरातली ही नवी खानावळ त्यानंच शोधली होती. "पिऊन तर बघ."

त्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि वाटीत निरखून पाहिलं. इतकी मऊ खसखस वाटणारी गावात एकच बाई होती, त्यांची थोरली जाऊ, म्हणजे पोरांची थोरली आज्जी. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

वाढपी शेजारी येऊन वाकला. "आतल्या बाईंनी विचारलंय, 'धाकटे, आता तरी खरं सांग. करपलाय का?'"

त्यांना धाकटी म्हणणारं आता कुणीच उरलं नव्हतं. पोरं तांबड्या रश्श्यावरून भांडत होती. स्वयंपाकघराच्या पडद्याखाली जोडवी घातलेले दोन पाय दिसत होते. ते फरशीला टेकलेले नव्हते.

जन्मात एक शब्द मागं न घेतलेल्या आनसाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"न्हाई, अक्का," त्या पडद्याकडं बघत म्हणाल्या. "तवाबी करपला नव्हता. माझ्यापेक्षा चांगला झाला होता, म्हणून म्हटलं."