पक्का खांब

"अहो दीक्षा, तुमचे नोड मागच्या आठवड्यापर्यंत उसात होते. आता कालव्यात दिसताहेत. पोहायला गेलेत का?" तिचे मार्गदर्शक गोखले सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून दिला.

दीक्षा विश्रांतवाडीहून लोणी काळभोरला आली ती चरफडतच. प्रबंध द्यायची वेळ तोंडावर आली होती. मातीची ओल मोजणारे तिचे डबे, म्हणजे सरांचे नोड, मथुराबाईंच्या उसात पसरलेले. कोणता डबा नेमका कुठे आहे, ते चार कोपऱ्यांवरच्या पक्क्या खांबांच्या सिग्नलवरून ठरायचं. जागा चुकायला लागल्या तसा तिने सिग्नल अडवणाऱ्या उसाच्या ओल्या पात्यांना बोल लावला, गणित बदललं, पुन्हा बदललं. खांबांकडे कोण कशाला बघतंय!

आज बघितलं. विहिरीकडचा खांब जागेवर नव्हताच. तो आत, उसाच्या सरीत, बुडाशी नीट माती दाबून उभा केलेला. वरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मावशी, हा कोणी हलवला?" तिचा आवाज चढलाच.

"म्या," मथुराबाई म्हणाल्या. "हितंच पडला हुता माजा ल्योक, अभय. रातचं पाणी धराया आला आन् साप डसला. हाका मारत समदं रान पालथं घातलं आमी. दोनदा जवळनं गेले आसंल मी. अंधारात दिसलाच न्हाई गं. म्हनलं, आता तरी हितं दिवा ऱ्हाऊ दे."

दीक्षाचा राग कुठच्या कुठे गेला. खांब उपटायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला. मग त्याच जागेचं माप घेतलं, लॅपटॉपमधली जुनी जागा खोडून ही भरली. कालव्यात गेलेले ठिपके पडद्यावर एकेक करून उसात आले.

"ह्ये काय दावतंय?" मथुराबाईंनी वाकून विचारलं.

"कोणता डबा कुठे आहे, ते."

"मानूस बी?"

"त्याच्या खिशात डबा असला तर माणूससुद्धा." बोलून गेली आणि दीक्षाला वाटलं, आपली जीभ का नाही झडली!

मथुराबाईंनी पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग दीक्षाचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "गेल्या सालीच का न्हाई आलीस गं, बाय माजी?"