सगळ्यात कमी हलणारा माणूस

प्रसेनजीतने लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. मालक रुद्रेश खुर्ची ओढून शेजारी बसले होते. शिरोलीतल्या त्यांच्या फाउंड्रीत नुकतेच कॅमेरे बसले होते. आठवडाभराच्या चित्रणातून कोण किती हलतं ते मोजायचं, ही या नव्या इंजिनिअरची पहिली कामगिरी. एक चित्र पुढच्या चित्राशी ताडायचं आणि काय किती सरकलं ते बघायचं, बस्स.

"यात वशिला चालत नाही, सर," तो सकाळीच ऐटीत म्हणाला होता.

अठ्ठावीस नावांची यादी आली. जो सगळ्यात कमी हलतो त्याला उद्यापासून घरी बसवायचं, असं मालकांनी आधीच ठरवलं होतं. तळाला नाव होतं आकाराम, भट्टी.

प्रसेनजीतचे वडील. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायलाही शिक्षण लागतं. याचं चार वर्षं वारणानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात झालं होतं.

"सर, आबा रसाकडे बघत उभे असतात," तो घाईघाईने म्हणाला. "लोखंड किती तापलं ते रंगावरून ओळखतात. ते 'ओत' म्हणेपर्यंत कुणी ओतत नाही. चुकलं तर साच्यांतला सगळा माल भंगारात."

"मग हे सकाळी का न्हाई सांगितलंस? आन् बाकीच्या सत्तावीस जणांचं काम तुला म्हाईत हाय काय?"

नव्हतं. त्यांचा विचारच त्याच्या मनात आला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकांनी आकारामला बोलावणं धाडलं. रस तयार होत आलाय, ओतून येतो, असा निरोप आला. "आत्ताच या म्हणावं," मालक म्हणाले.

आकाराम घाम पुसत वर ऑफिसात आला. पडद्यावर माणसं हलत होती आणि जो जिकडे हलेल तिकडे त्याच्या अंगावर हिरवे बाण उमटत होते. भट्टीपाशी एकजण बाणांविना कोरा उभा होता.

"ह्यो मीच की!" तो हरखला. "तू केलंस व्हय रं हे?"



"त्यानंच केलंय," रुद्रेश म्हणाले. "तुमची हालचाल सगळ्यात कमी भरली, आकाराम. उद्यापासनं येऊ नका."

आकाराम पोराकडे बघत राहिला. रागवावं की रडावं, त्याला कळेना. तेवढ्यात खालून भट्टीवरच्या बाळासोने त्याला हाक मारली, "दादा, वतू काय? रस उकळाय लागलाय!"

आकारामने भट्टीवर उघडणाऱ्या खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला नगं इचारू," तो तिथूनच ओरडला. "हितं माझा इंजिनेर ल्योक हाय. त्येला इचार."

प्रसेनजीत खिडकीशी गेला. खाली सगळे वर बघत होते. भट्टीतला रस त्याला नुसता पिवळा दिसत होता.