दहा मीटर

तीस वर्षं पायी टपाल वाटलेले आजोबा हल्ली पाय घासत, आजीच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. घरातले म्हणत, वय झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयाला कशाला बोल लावता? मेंदूत पाणी साठलंय. तेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं, म्हणून कमरेतून थोडं काढून बघू. चाल सुधारली, तर पाण्याला कायमची वाट करून देणारी नळी बसवू."

आधी त्यांनी आजोबांना कॉरिडॉरमध्ये दहा मीटर चालायला लावलं. अठ्ठेचाळीस सेकंद लागले. मग कमरेत सुई घालून अर्धी वाटी पाणी काढलं आणि तीन तासांनी पुन्हा चालायला सांगितलं. आजोबांनी आजीचा खांदा सोडला आणि चौदा सेकंदांत टोक गाठलंसुद्धा.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. आजोबा ऐटीत वळले, तर आजी अजून अर्ध्यातच, भिंतीला धरून उभी.

"अगं, ये की लवकर."

"येतेय," आजी गुडघा चोळत म्हणाली. "वर्ष झालं, हा असाच दुखतोय. तुमच्या चालीत माझी खपून जात होती."