चार कोपरे

बाबा पत्र्याचे डबे करतात. बारा इंची चौकोनी पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून तीन-तीन इंचांचे चौकोन कापायचे, उरलेल्या बाजू वर दुमडून कडा झाळून जोडायच्या, की झाला डबा. कॉलेजात कमाल-किमानाची गणितं शिकले त्या दिवशी मी वही घेऊन थेट दुकानात गेले.

"बाबा, तीस वर्षं तुमचं चुकतंय. तीन नाही, दोन इंच कापा. तेवढ्याच पत्र्यात सगळ्यात जास्त मावेल."

बाबांनी वाद घातला नाही. दोन इंच कापून डबा केला आणि दोन्ही डब्यांत पाणी भरून मोजलं.

"खरंच की गं. तुझ्यात जास्त मावतंय. हे नुसतं कागदावर कळतं?"

माझी कॉलर ताठ झाली.

मग त्यांनी आपल्या डब्याचे कापलेले चार चौकोन एकमेकांना जोडून झाळले आणि डब्यावर ठेवले. कडेला कड लागली. माझ्या डब्याचे चार तुकडे त्यांनी माझ्या हातात दिले.

"आता तुझं झाकण कर."

मी ते चारदा मांडून पाहिले. तोंडाला पुरेनात, तुकडे डब्यातच पडले. घरी येऊन पुस्तक काढलं. प्रश्नात लिहिलं होतं, 'वरून उघडा डबा'. 'वरून उघडा' मी खोडलं आणि गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं.